पहिली धार

श्यामकांत मुलुंडच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने घरी बटाट्याची व्होडका गाळायचा. कुकरच्या शिट्टीच्या जागी तांब्याची नळी बसवलेली, ती थंड पाण्याच्या बादलीतून बाहेर काढलेली. सुरुवातीला पडते ती धार विषारी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती तो दर खेपेला एकाच वेगळ्या बाटलीत साठवायचा आणि स्टोव्ह पेटवायला वापरायचा. बाटलीवर चिठ्ठी डकवली होती, 'पहिली धार'. एवढं पुरे, असं त्याला वाटलं. शहाणाच तो.

सोमवारी कामावरून आला तर स्टोव्हजवळची बाटली गायब.

"काल तू मढला गेलास तेव्हा खालचे गुणाजी घेऊन गेले," त्याची बायको कुंदा म्हणाली. "त्यांचा जावई आलाय ना, जयवंत. मी तुझी चांगली बाटली देत होते, तर म्हणाले, वहिनी, जावयाला पहिल्या धारेचीच द्यायची. आमच्याकडे तीच मानाची."

श्यामकांत अनवाणीच जिना उतरला. गुणाजी दारात हसत उभे होते.

"झकास माल, श्यामकांतराव. डॉक्टरच्या धाकाने मी शिवलो नाही, पण जावयाने रात्री बाटली संपवली बघा."

"कुठाय तो?"

जयवंत आत खाटेवर बसला होता. खिडकीतून उतरतं ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं, आणि डोळे सताड उघडे होते.

"मामा," तो सासऱ्याला म्हणाला, "आता तरी दिवा लावा ना."