सॉलिड शब्दाची बातमी

आमच्या नाशिक रोडच्या वसाहतीत ‘सॉलिड’ हा शब्द एकोणऐंशी सालच्या सुमारास शिरला. तो कोणी आणला हे मला नक्की सांगता येणार नाही, आणि माझ्या आठवणीवर फार विसंबूही नये. पण सर्वांत जास्त वापरला तो वसाहतीतल्या झुंबर नावाच्या पोराने. पिक्चर सॉलिड, मिसळ सॉलिड, बसची गर्दी सॉलिड, आणि वडिलांनी दिलेला मारही सॉलिड. मी शब्दकोश काढून पाहिला. त्यात ‘घन, भरीव’ एवढेच दिले होते. कोशकाराची आणि झुंबरची गाठ पडायला हवी होती, असे वाटून मला बरेच दिवस हसू येत राहिले.

मी तेव्हा एका कचेरीत कारकून होतो आणि संध्याकाळी विहाराला लागून असलेले वाचनालय उघडत असे. वाचनालय म्हणजे एक खोली, दोन कपाटे, एक लांब टेबल आणि बाकडी. लोक मला मास्तर म्हणत, पण मी कधी कुणाला शिकवले नव्हते. शिकवायचे तर चार माणसांसमोर तोंड उघडावे लागते, आणि ते मला कधी जमले नाही.

एक गोष्ट मात्र जमत असे. ज्यांना वाचता येत नव्हते अशी मंडळी दिवेलागणीला खोलीत जमत आणि मी त्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवी. पेपर तोंडासमोर धरला की समोरची माणसे दिसत नाहीत. शिवाय शब्दही दुसऱ्याचे असतात. एवढा आडोसा मिळाला की माझा आवाज बरा लागे. सुलाबाई सुपात तांदूळ घेऊन यायच्या आणि निवडता निवडता ऐकायच्या. मी एखादी कंटाळवाणी बातमी अर्ध्यावर सोडली तर त्यांना ते कसे कोण जाणे कळायचे. “मास्तर, मधलं काय खाल्लं?” असे त्या मान वर न करता विचारायच्या.

त्या वर्षी झुंबर आणि त्याच्या दोस्तांनी कॅरमच्या मोठ्या स्पर्धेत नाव घातले. त्यांचा बोर्ड वाचनालयाच्या व्हरांड्यात असे. तिथे वारा यायचा, पावडर उडायची, दिवा हलायचा आणि नेम चुकायचा. म्हणून त्यांनी वसाहतीच्या कमिटीकडे आतली खोली मागितली. पुस्तकांची कपाटे अध्यक्ष सावळीराम यांच्या घरी माळ्यावर चढवायची आणि पेपर पारावर ठेवायचा, असे त्यांचे म्हणणे. सावळीराम स्वभावाने भले, येईल त्याला हो म्हणणारे. या वेळी मात्र ते म्हणाले की रविवारी सभा घेऊ, दोन्ही बाजू ऐकू आणि हात वर करून ठरवू. एका बाजूला सगळी तरुण पोरे होती. दुसरी बाजू मांडायला मी एकटाच.

मी भाषण लिहून पाठ केले. त्यात ज्ञानसंवर्धन आणि अभिरुची असे शब्द जागोजाग होते. आता आठवले की संकोच वाटतो.

रविवारी विहारापुढच्या अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. झुंबर आधी बोलला. टीम सॉलिड आहे, जागा मिळाली तर कप आणतोच, एवढेच तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मग मी उठलो. “अध्यक्षमहाराज” एवढे नीट झाले. पुढचे काहीच आठवेना. समोर सगळे ओळखीचे चेहरे होते, तीच पंचाईत होती. सावळीरामांनी मायेनेच सांगितले की राहू द्या मास्तर, बसा. मी बसलो असतो तर खोली गेलीच होती.

तेवढ्यात सुलाबाई उठल्या, वाचनालयात गेल्या आणि हाताला लागला तो पेपर आणून त्यांनी माझ्या हातात दिला.

“सभेचं ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “आज पेपर वाचायचा राह्यलाय. वाचा.”

मी पेपर उघडून तोंडासमोर धरला. कांद्याच्या बाजारभावाचे पान होते. मी वाचू लागलो ते मात्र त्यात नव्हते.

“नाशिक रोड, आमच्या बातमीदाराकडून. येथील वसाहतीत सॉलिड नावाचा एक इंग्रजी पाहुणा आला असून त्याने सर्वांच्या घरी मुक्काम ठोकला आहे. त्याच्यामुळे भूकही सांगता येते आणि पोट भरल्याचेही सांगता येते. परवा लग्नातले जेवण सॉलिड होते, आणि ते खाऊन पोटात दुखले तेही सॉलिड. नोटांच्या प्रेसची शिफ्ट सुटल्यावर सायकलींची गर्दी सॉलिड असते. अध्यक्षांचे भाषण सॉलिड लांबते.”

कोणीतरी हसले. मग बरेच जण हसले, आणि सावळीरामांचाही आवाज त्यात ऐकू आला. मी पेपर आणखी वर धरला.

“मागच्या वर्षी,” मी पुढे वाचले, “येथील एक तरुण अप्रेंटिसच्या परीक्षेसाठी वाचनालयात अभ्यासाला बसत असे. घरी माणसे फार, दिवा एकच. पास झाल्याचे कळले त्या दिवशी तो आला, टेबलावर हात ठेवून म्हणाला, मास्तर, ही खोली सॉलिड आहे. या ठिकाणी सदर शब्दाचा अर्थ काय, हे आमच्या बातमीदारास अद्याप समजलेले नाही. तरी संबंधितांनी खुलासा करावा.”

बातमी संपली. पेपर खाली घ्यायचा मला धीर होईना. मग झुंबरचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच खाली.

“बसायला जागा होती, मास्तर. असा अर्थ.”

पुढे तो सावळीरामांना म्हणाला, “दादा, बोर्ड राहू द्या व्हरांड्यात. फक्त गोणपाटाचे पडदे लावून द्या. वारा सॉलिड येतो तिथं.”

हात वर करायची वेळच आली नाही. सावळीरामांनी पडद्यांना हो म्हटले आणि चहा सांगितला. पुढे स्पर्धेत पोरे दुसऱ्याच फेरीत हरली. सॉलिड हरलो, असे झुंबरनेच आनंदाने सगळीकडे सांगितले.

माझे ते वाचणे कुणाला खरे वाटले आणि कुणी समजून गप्प बसले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे पेपर वाचून संपवला आणि घडी घालू लागलो. सुलाबाईंचे सूप मांडीवरच होते. त्या उठल्या नाहीत.

“संपलं?” त्यांनी विचारले. “आपल्या कॉलनीचं काय आलं नाय का आज?”

व्हरांड्यातला सोंगट्यांचा आवाज थांबला होता. मी घडी मोडली आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

“आलंय,” मी म्हणालो.