तिसऱ्या रांगेतला खोकला

इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करता करता ताईंच्या छातीत खोकल्याने घर केलं होतं. तरी अकरा वर्षं त्या समूहगानात तिसऱ्या रांगेत, ऐंशी आवाजांत आपला आवाज मिसळून गात होत्या. यंदा कुठे गंगेत घोडं न्हालं. एकटीने गायची एक ओळ वाट्याला आली: 'चूल आज लवकर निजली.'

रचना गरिबीवर होती आणि खर्चात कुठेही काटकसर नव्हती. ऐंशी गायक, साठ वादक. संचालकांनी दारिद्र्याचा सात वर्षं, दोन शिष्यवृत्त्यांवर अभ्यास केला होता.

तालमीत उपासमारीचा भाग संपला, वाद्यं थांबली आणि नेमकी ताईंना ढास लागली. त्या ओशाळल्या. संचालकांचे डोळे पाणावले.

"पुन्हा करा."

"मुद्दाम नाही केलं, सर."

"तेच तर!" त्यांनी समोरच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं: इथे खोकला. "तुमची ओळ बँकेतल्या मॅडम गातील. तुम्ही फक्त हा सांभाळा. गायला काय, कुणीही गातं."

"अहो, पण ओळ माझी होती..."

"खोकलाही तुमचाच आहे."



"आता डॉक्टरकडे जाऊ नकोस बाई," घरी थोरली बहीण म्हणाली, "कलेचं नुकसान होईल."

ताई मुद्दाम गेल्या. खोकलाच उरला नाही तर ओळ परत द्यावीच लागेल, असं त्यांचं साधं गणित. दोन बाटल्यांत छाती आरशासारखी स्वच्छ झाली. प्रयोगाच्या दिवशी त्यांनी संचालकांना गाठलं.

"सर, खोकला गेला. ओळ गाते."

"असं कसं चालेल? पत्रिका छापून झालीय." त्यांनी दाखवली. शेवटून दुसऱ्या ओळीत होतं: 'खोकला – एक कामगार स्त्री.'

मॅडमनी ओळ गायली. चूल निजली ती थेट घोरायलाच लागली. मग शांतता. संचालकांची छडी ताईंवर येऊन थांबली. सभागृहाने श्वास रोखून धरला. त्या क्षणी ताईंच्या गळ्यातून कुठलाही सूर निघाला असता, इतका तो मोकळा होता.

त्या खोकल्या.

पुढच्या रांगेत रुमाल निघाले.

"आज जरा नाटकी झाला," पडद्यामागे संचालक म्हणाले. "उद्या दुसरा प्रयोग आहे. औषध बंद करा. आणि घरी जाताना कान बांधू नका."

बाहेर बोचरा वारा सुटला होता. ताईंनी हातातला स्कार्फ घडी घालून पिशवीत ठेवला.