चौथ्या भागाची कोरी पाने

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. खरे तर पूर्ण कादंबरी म्हणवून घ्यायलाही मला संकोच वाटतो, कारण मी एका लांबलचक गोष्टीचा चौथा भाग आहे. 'ध्रुवदल' हे आमच्या मालिकेचे नाव. तिच्यात अंतराळातली फौज आहे, तोफा लावलेली याने आहेत आणि शनीच्या कड्यांमध्ये शत्रूने वेढलेले एक जहाज आहे. ते जहाज माझ्या वाट्याला आले.

पुण्याच्या छापखान्यात माझा जन्म झाला. १९७६ साली पार्सलातून मी दुर्ग स्टेशनवर उतरले आणि सायकलच्या कॅरियरवर बसून भिलाईच्या मराठी वाचनालयात आले. तिथल्या ग्रंथपाल कमलिनीताईंनी मला खाकी कव्हर घातले, शिक्का मारला आणि एका पाटीखाली उभे केले. पाटीवर लिहिले होते, 'पुस्तकात काहीही लिहू नये.'

ती पाटी कुणी वाचली असेल असे मला वाटत नाही. माझ्या शेवटी दोन कोरी पाने होती. पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसमधले श्यामराव पहिले वाचक. त्यांनी तिथे लिहिले, 'लढाई उत्तम. भाषा जड. नकाशा हवा होता.' त्याखाली शाळेतल्या साधनाताईंनी लिहिले, 'तीनशे पाने झाली, एकही माणूस जेवलेला नाही.' मग कुणीतरी, 'तिसरा भाग वाचल्याशिवाय हात लावू नये.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'तिसरा वाचूनही कळले नाही.' अरुणकुमार नावाच्या कॉलेजच्या मुलाने लिहिले, 'एकदम धाँसू! पाचवा कधी?' आणि त्याच्या खाली निळ्या शाईत, 'अभ्यास कर. – बाबा.'

मला फार नवल वाटे. शब्द तर सगळ्यांसाठी तेच होते. मग एकाला जांभई का यावी आणि दुसऱ्याने जेवण का विसरावे?

सगळ्यात जास्त वाद माझ्या शेवटावर होत. जहाजाच्या इंजिनघरात भास्कर नावाचा म्हातारा कामगार चाकावर बसलेला असतो. त्याची पाळी संपते, पण पुढच्या पाळीचा शिपाई येत नाही. चाक सोडले तर जहाज फुटेल, म्हणून भास्कर उठत नाही. शेवटी कप्तान इंजिनघराचे दार बाहेरून बंद करतो, आणि मी तिथेच संपते. पुढे काय झाले ते पाचव्या भागाला ठाऊक. तो फळीवर माझ्या शेजारीच असतो, पण पुस्तकांना एकमेकांचे वाचता येत नाही.

ऑफिसातले वाचक म्हणत, ही फसवणूक आहे, गोष्ट अर्धी सोडली. कारखान्यातले वाचक मात्र कप्तानाकडे पाहतच नसत. "कप्तान गेला खड्ड्यात. याचा रिलिव्हर कुठी होता ते सांगा!" असे म्हणून एका फिटरने मला टेबलावर आपटले होते. कारखान्यात जागेवरून उठायचे ते पुढच्या पाळीचा माणूस समोर दिसल्यावरच, हे त्यांच्या हाडात मुरलेले होते.

१९७९ साली खुर्सीपारच्या रामाजींनी मला वाचले. ते कारखान्यात क्रेन चालवत. त्यांनी लिहिले, 'दोष त्या न आलेल्या शिपायाचा. बाकी सर्व बोलणे व्यर्थ. – रामाजी.' पेन्सिल इतकी दाबली होती की अक्षरे पानाच्या पाठीवर उमटली. एका काल्पनिक शिपायावर एवढा राग का, हे मला तेव्हा कळले नाही.

पुढे घरोघरी टीव्ही आले. मला कुणी नेईना. कसर लागली, पाठ सुटली. अशी नऊ वर्षे गेली.

मग एक दिवस जुनवानीचे देवाजी आले. तेही जन्मभर क्रेनवर होते. रिटायर झाल्यावर ते साधनाताईंच्या प्रौढ वर्गात अक्षरे शिकले. वर्षभरात त्यांनी पहिले तीन भाग संपवले होते. ते बोट ठेवून, ओठ हलवत वाचत. चौथ्यांदा मुदत वाढवताना कमलिनीताई म्हणाल्या, "देवाजीभाऊ, हे पुस्तक तुमच्याकडे नांदायला गेलं का?"

"बाई, माही मालगाडी हाये," देवाजी म्हणाले. "पन पोचते."

घरी त्यांच्या पत्नी सिंधुताई कुरकुरत. "आवो, सकाळपासून एकाच पानावर बसून राहिले तुम्ही."

"थांब ना. जहाज अडकलं हाये. मी उठलो तं कोण पाहीन त्याले?"

शेवटी ते मागच्या कोऱ्या पानांवर पोचले. रामाजींच्या शेऱ्यावर त्यांचे बोट थांबले आणि पुढे सरकेना.

मित्रांनो, गोष्ट अशी होती. १९७३ मध्ये हे दोघे एकाच क्रेनवर होते. रामाजींची पाळी दोनला संपे आणि देवाजींची सुरू होई. एके दिवशी रामाजींच्या गावाहून तार आली, आई अत्यवस्थ. तीनची गाडी धरायची होती. देवाजींना तारेचे ठाऊक नव्हते. ते साडेचारला आले. रामाजी दुसऱ्या दिवशी गावी पोचले, तेव्हा आई गेली होती. देवाजींनी सांगितले, बस कुम्हारीला बिघडली. रामाजींनी ऐकून घेतले. त्यानंतर पंधरा वर्षे ते देवाजींशी एक शब्द बोलले नव्हते.

सिंधुताई म्हणाल्या, "लिहा ना मंग खाली. या शिपायालेही कारण होतं, तुमालेही होतं."

शिपायाला कारण होते, हे खरे. तो जखमी सोबत्याला ओढून नेत होता. माझ्या दोनशे नवव्या पानावर त्याच्या तीन ओळी आहेत. बहुतेक लोक त्या गाळून पुढे जातात. बोट ठेवून वाचणाऱ्या माणसाकडून ते झाले नव्हते.

देवाजींनी मला मिटून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "बस नोती बिघडली."

"मंग?"

"कुम्हारीले पहिलवानांची दंगल होती. कुस्ती पाहत बसलो."

सिंधुताईंनी हातातले सूप खाली ठेवले. "पंधरा वर्षं मलेही बसच सांगितली?"

देवाजींनी आठ दिवस पाटीवर सराव केला. मग माझ्या पानावर लिहिले. अक्षरे मोठी होती आणि ओळ चढावर जात होती. 'शिपायाला कारण होते. पान २०९ पहा. मला नव्हते. बस बिघडली नव्हती. मी कुम्हारीला कुस्ती पाहत बसलो होतो. – देवाजी.'

ते मला परत देऊन गेले. त्याच आठवड्यात मला बांधणीला पाठवायचे होते. बाइंडर बाबुलाल लिहिलेली पाने कापून तिथे कोरी चिकटवत असे. रामाजींनी वाचण्याआधीच पान गेले तर? देवाजींना हे दुसऱ्यांदा लिहिता आले असते का, मला शंका आहे.

कमलिनीताईंनी गठ्ठा बांधताना मला चाळले. त्या शेवटच्या पानावर थांबल्या. मग मला गठ्ठ्यातून काढून त्यांनी टेबलाच्या खणात ठेवले.

रविवारी रामाजी पेपर वाचायला आले. ताईंनी मला त्यांच्यापुढे उघडे ठेवले. "रामाजीभाऊ, तुमच्या शेऱ्याला उत्तर आलं आहे."

"मले कोण उत्तर देते?" म्हणत त्यांनी चष्मा लावला. उभ्यानेच वाचले. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचले.

"याले लिहिता कवापासून येते?"

"दीड-दोन वर्षं झाली."

रामाजींनी दोनशे नववे पान काढले. त्या तीन ओळी त्यांनी कदाचित पहिल्यांदाच वाचल्या. मग ते शेवटच्या पानावर आले. "पेन्सिल द्या," ते म्हणाले. ताईंनी पेन्सिल दिली आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

पानावर तळाशी एकच ओळ मावेल एवढी जागा होती. त्यांचा हात किती वेळ तसाच थांबला! मी वाट पाहत होते. राग येणार की क्षमा, मला काही अंदाज येईना. मग त्यांनी लिहिले, 'कुस्ती कोणाची होती?'

चार दिवसांनी देवाजी पाचवा भाग न्यायला आले. ताईंनी दाखवलेली ती ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली, एकदा, दोनदा. खिशातली पेन्सिल काढली. पण माझ्यात आता जागाच उरली नव्हती. पाचवा भाग टेबलावर तसाच ठेवून ते बाहेर गेले आणि सायकल त्यांनी खुर्सीपारच्या, रामाजींच्या घराच्या रस्त्याला लावली.

तिथे काय बोलणे झाले, हे मला अजून कळलेले नाही.

मित्रांनो, मला ओल्या हाताने धरू नका, माझी पाने दुमडू नका. मी आवडले नाही तरी माझी तक्रार नाही. पण का आवडले नाही, ते मनात ठेवू नका. कुणाला तरी जाऊन सांगा.