माझ्याकडून

काका शनिवारी येणार होते. डोळ्यांचं ऑपरेशन आमच्या शहरात, म्हणजे पंधरा दिवस मुक्काम आमच्याकडेच. बायकोने बेत आखूनही टाकला. काका आमच्या लेकीच्या, भिंगरीच्या खोलीत पलंगावर झोपतील आणि भिंगरी तिथेच खाली गादी घालून. म्हाताऱ्या माणसाला पाणीबिणी लागलं तर जवळ कोणीतरी हवं, असं बायकोचं म्हणणं. तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात काकांना देवमाणूस म्हणतात, तिनेही तेच ऐकलेलं. मी बरं म्हणालो, बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून बसलो. बेचाळीस वर्षांचा बाप्या मी, आणि कडी नीट लागली आहे ना, ते दोनदा तपासलं.

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलंय, त्यामुळे स्वभावही खवचट झालाय. 'वडिलांचे निधन झाले हे कळवण्यास आनंद होतो' ही जाहिरात मीच पकडली होती, नाहीतर एका घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आली असती. गेल्या महिन्यात एक पत्रक तपासायला आलं. बालपणी अत्याचार सोसलेल्या प्रौढांसाठी समुपदेशन, खाली पत्ता. चार ओळींचं पत्रक मी अकरा वेळा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. ते घडी करून खिशात ठेवलं आणि कोणी पाहिलं तर काय, या धास्तीने आठवडाभर पॅन्ट धुवायलाही टाकली नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या पत्त्यावर गेलो. एका दवाखान्याचा वरचा मजला. जिना चढताना दोनदा परत फिरलो. बाकावर आणखी दोघं बसली होती आणि कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. मला वाटत होतं, माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं आहे. आत बोलावतील, ऐकतील आणि म्हणतील, शी.

एक फॉर्म दिला होता. नाव, वय, व्यवसाय. येण्याचं कारण. तिथे मी लिहिलं, 'लहानपणी माझ्याकडून एक वाईट गोष्ट झाली.'

समुपदेशक बाई माझ्यापेक्षा लहान असाव्यात. त्यांनी फॉर्म वाचला आणि तेव्हा माझं वय किती होतं, ते विचारलं. आठ, मी म्हणालो. दुसरं कोण होतं? काका. त्यांचं वय? चाळिशीच्या आसपास. बाईंनी कागद फिरवून माझ्यापुढे ठेवला.

"तुम्ही मुद्रितं तपासता ना? मग हे वाक्य तपासा."

मला रागच आला. शुद्धलेखन बरोबर आहे, मी म्हणालो.

"शुद्धलेखनाचं नाही म्हणत मी. कोणी केलं, ते या वाक्यात कुठे आहे?"

मग मी तावातावाने स्वतःविरुद्धच साक्ष द्यायला लागलो. मला कोणी ओढून नेलं नव्हतं. मी आपल्या पायांनी जायचो, कॅरम खेळायला. पहिल्यांदा ते झाल्यावरही गेलो. ओरडलो नाही, आईला सांगितलं नाही. अशा मुलाला काय म्हणायचं?

"आठ वर्षांचा मुलगा कॅरम खेळायला गेला," बाई म्हणाल्या. "तो तेवढ्यासाठीच गेला होता."

मी पेन काढलं. 'माझ्याकडून' खोडलं. पण एक शब्द काढला की पुढचं उभं राहीना. 'झाली'चं 'केली' करावं लागलं, आणि 'केली' म्हटल्यावर कर्ता आला. लिहिलं, 'लहानपणी काकांनी माझ्याशी एक वाईट गोष्ट केली.' बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिलो. मग 'काकांनी' खोडून 'काकाने' केलं. चौतीस वर्षं तो मानाचा अनुस्वार मी इमानेइतबारे देत आलो होतो.

रडलो. कसंतरी, नाक पुसत, लाज वाटत.

मग शनिवारचं सांगितलं, आणि बाई ताठ बसल्या. मुलगी त्या खोलीत झोपता कामा नये, त्या माणसाबरोबर एकटी तर एक क्षणही नाही, आणि हे बायकोला आजच कळलं पाहिजे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बायको मला घाणेरडा समजेल, मी म्हणालो. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही, पण तुम्ही बोलत असताना मी इथेच असेन, एवढं त्या म्हणाल्या. इथून पुढेही दर गुरुवारी.

फोन लावला. बायको घरीच होती, भिंगरीची खोली आवरत. मी दुसरं काहीच बोललो नाही. कागदावरची ओळ वाचून दाखवली, जशीच्या तशी.

पलीकडे खुर्ची सरकली. संपलं, मला वाटलं. आता ती ठेवून देईल, मुलीला घेऊन माहेरी जाईल, सगळ्यांना कळेल.

"कोणाला सांगितलं होतंस?" तिने विचारलं. आवाज तिचा वाटत नव्हता.

"कोणालाच नाही."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"तो या घरात येणार नाही. मी कळवते त्याला, आत्ताच. तू नको बोलूस त्याच्याशी." मग हळूच म्हणाली, "तुला भीती वाटते का रे त्याची?"

नाही म्हणायची जिभेला सवय होती. बाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या.

"हो," मी म्हणालो. "अजून."