टरफलांचं वजन

मी एक जुना संगणक आहे. माझं अंग एकेकाळी पांढरं होतं, आता ते म्हाताऱ्याच्या दातासारखं पिवळं पडलंय. मित्रांनो, मी आयुष्यात हजारो हिशेब केले. त्यातला एक चुकला. तो कसा चुकला आणि कुणी सुधारला, तेवढंच तुम्हाला सांगायचंय.

१९९८ साली मुंबईच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. तिथून सगुणाताईंनी मला रत्नागिरीच्या एसटीत शेजारच्या सीटवर बसवून आणलं. माझंही तिकीट काढलं होतं, असं त्या पुढे सगळ्यांना सांगत. पालीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, त्यांचा काजूचा छोटा कारखाना होता. बावीस बायका तिथं कामाला होत्या. काजूची बी बॉयलरच्या वाफेवर उकडायची, कटरवर फोडायची, गर सुकवायचा, सोलायचा आणि पाकिटात भरायचा. बायकांच्या हातांना चिकाने काळे डाग पडलेले असत. मी ऑफिसच्या खोलीत बसून पत्रं लिहायचो, लेबलं छापायचो. बरं चाललं होतं.

२००३ मध्ये मरियम माझ्यासमोर येऊन बसली. बी.एस्सी. झालेली, लग्न होऊन कारखान्याशेजारच्या वाडीत आलेली. तिचा नवरा फारुक कुवेतला होता. दोन वर्षांची तूबा तिच्याबरोबर यायची आणि माझ्या टेबलाशेजारी चटईवर खेळायची. मरियमचा एक डोळा माझ्या काचेवर असायचा आणि एक तूबावर. तूबा खोकली की तिची बोटं कळांवर थांबायची. मोजून पाहायची, किती वेळा खोकली.

त्याच वर्षी माल घेणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याने एक सीडी पाठवली. परदेशातली गिऱ्हाइकं आता विचारू लागली होती, की हे एक पाकीट तयार होताना पाणी किती गेलं, वीज किती गेली, धूर किती झाला, कचरा किती पडला. ती सीडी माझ्यात घातली. पंपाचं मीटर, विजेचं मीटर आणि दोन वजनकाटे वायरीने मला जोडले. एका काट्यावर येणारी बी, दुसऱ्यावर जाणारा गर. रोज संध्याकाळी मी स्वतःच ते आकडे वाचायचो आणि एका पाकिटाचा निसर्गावर किती भार पडला, ते काढायचो. भार कमी असला तर काचेवर हिरवी पट्टी, मध्यम असला तर पिवळी, जास्त असला तर लाल.

दोन रकाने मात्र मीटरवर येत नव्हते. ते विचारून भरायचे होते. जळण आणि कचरा. धुराचा आकडा मी जळणावरूनच काढायचो.

मरियम वही घेऊन दारात उभी राहिली. बॉयलरची भट्टी दादू सांभाळायचा.

"दादूकाका, जळण किती लागतं रोजचं?"

"जळण? जळण आपण आणतच न्हाय गो. टरफलंच घालतो."

"आणि कचरा?"

"कचरा कुठला ऱ्हायला? सगळा भट्टीत जातो. अंगण बघ, झाडून घेतलेलं हाय."

दादू खोटं बोलला नव्हता. आमच्याकडे जळण म्हणजे रानातून तोडून आणायचं किंवा वखारीतून विकत घ्यायचं ते. आणि कचरा म्हणजे डोळ्यांना दिसतो तो. मरियमने जळणाच्या रकान्यात शून्य लिहिलं, कचऱ्याच्या रकान्यातही शून्य लिहिलं. मी बेरीज केली. पट्टी हिरवी झाली.

खूप कौतुक झालं माझं. व्यापाऱ्याने पत्र पाठवलं, ऑर्डर दुप्पट केली. दसऱ्याला सगुणाताईंनी मला झेंडूचा हार घातला. पाहुणे आले की हौसा त्यांना ऑफिसात आणायची आणि माझ्याकडे बोट दाखवायची. हौसा म्हणजे कटरवरची सगळ्यात जुनी बाई. "ह्यो आमचा हिरवा धनी," म्हणायची. मीही भुललो, मित्रांनो. माझ्या काचेत मागची खिडकी दिसायची आणि खिडकीत भट्टीचं धुराडं. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की टरफलातल्या तेलाचा तो काळा, डोळे झोंबवणारा धूर वाडीवर उतरायचा. तो मला रोज दिसत होता. पण तो माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हता.

तूबाचा खोकला वाढत गेला. दर शुक्रवारी दुपारी फारुकचा ऑफिसात फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, "तूबाची छाती कशी आहे?" मरियम सांगायची, "बरी आहे," आणि लगेच फोन ठेवायची.

एक दिवस ती तूबाला रत्नागिरीला डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आली ती तशीच माझ्यासमोर बसली. हौसा पाणी घेऊन आली.

"काय म्हटलान डॉक्टरानं?"

"विचारलं, घरात चूल आहे का? म्हटलं, गॅस आहे. विडी कोण ओढतं का? म्हटलं, पुरुष माणूसच नाही घरात. मग म्हणाले, पोरीच्या छातीत धूर आहे बाई, तो कुठून येतो ते तुम्ही शोधा."

मरियमने माझी कळ दाबली. हिरवी पट्टी उजळली. ती पट्टीकडे बघत राहिली, मग तिने दोन्ही काट्यांचे महिन्याचे आकडे शेजारी शेजारी मांडले. आलेली बी चार हजार किलो. गेलेला गर एक हजार किलो. तिने मला वजाबाकी करायला लावली. इतक्या महिन्यांत मला ती कुणी सांगितली नव्हती.

"हौसाकाकी," ती हळू म्हणाली, "बाकीचे तीन हजार कुठे गेले?"

हौसाने खिडकीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मरियमने दादूला सांगितलं, भट्टीत जाणारं प्रत्येक घमेलं आधी काट्यावर ठेवायचं.

"आता धुराचं वजन करतेस काय गो? मापात भरून देऊ?" दादू हसला. पण ठेवत गेला. बी वाळताना आणि सोलताना थोडं वजन घटतं, ते सोडलं तर बाकी सगळं टरफल होतं. संध्याकाळी घाम पुसत तो म्हणाला, "एवढं घालतो मी? कधी वाटलाच न्हाय."

सगुणाताईंना कळलं तेव्हा त्या ऑफिसचं दार लावून मरियमसमोर बसल्या.

"मरियम, पुढच्या आठवड्यात ऑर्डरचं नवं पत्र यायचंय. हा आकडा घातलास तर येणार नाही. बावीस घरं आहेत. तूच ठरव. मी बाहेर जाते, मला काही माहीत नाही असं समज."

"नाही ताई. तुम्ही इथंच बसा. शून्य मी लिहिलंय, खोडणार पण मीच. पण तुमच्यासमोर."

"आणि बायकांना काय सांगू?"

दार ढकलून हौसा आत आली. बाहेर उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं. "बायकांना मी सांगते. माझा नातू पन खोकतो, ताय. आमी समजलो, थंडीचा हाय. भर गो तू."

मरियमने आकडा भरला. मी बेरीज केली. पट्टी लाल झाली. त्या दिवशी मला कुणी हार घातला नाही, पण मी पहिल्यांदा खरं बोललो.

ऑर्डर त्या वर्षी थांबली, मित्रांनो. गोष्टीतल्यासारखं लगेच सगळं चांगलं झालं नाही. चार महिने बायकांना अर्धंच काम मिळालं. सात-आठजणी मरियमशी बोलेनाशा झाल्या. एकीने तोंडावर सुनावलं, "हिचा नवरा कुवेतला, हिला काय." मरियमने ऐकून घेतलं. मग सगुणाताईंनी सावर्ड्याच्या बाजूला एक गिरणी शोधली, जिथं टरफलातून तेल काढतात. टरफलं तिकडे जाऊ लागली. भट्टीत मोजून लाकूड जळू लागलं, धुराडं माडांच्या वर गेलं. दुसऱ्या वर्षी ऑर्डर परत आली, पहिल्यापेक्षा लहान. पट्टी पिवळी झाली. हिरवी पुन्हा कधीच झाली नाही. तूबाची औषधाची बाटली मात्र आठवड्याऐवजी महिनाभर पुरू लागली. एका शुक्रवारी "बरी आहे" असं सांगून मरियम पुढे बोलतच राहिली, तेव्हा मला कळलं की ते आता खरं आहे.

आता २००९ चाललंय. टेबलावर चपट्या काचेचा नवा संगणक आलाय आणि मी मागच्या खोलीत पोत्यांवर आहे. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. काल भंगारवाला येऊन मला उचलून बघून गेला. दादू त्याला म्हणाला, "वायरी जाळल्यास तर तांबा निघेल बघ." दादू अजूनही खोटं बोलत नाही, तांबं निघतंच.

म्हणून एक मागणं आहे. मला खुशाल भंगारात द्या. पण देताना त्या माणसाला थांबवा आणि विचारा, हे तू कुठे नेणार, कुठे जाळणार. तो म्हणेल, लांब, मोकळ्या माळावर. तेवढ्यावर सोडू नका. त्या माळावरून दुपारचा वारा कुणाच्या घराकडे जातो, तेही विचारा.