वांगे-झिंगे आणि बीपीची गोळी

“वांगं निवडता बाई, काटा बोटाले लागला,
जावई माह्या गुणाचा, पान पुसून जेवला.”

चुलीमागून आलेला हा आवाज मुखरूच्या कानात चौतीस वर्षं जसाच्या तसा राहिला होता. आवाज सासूचा. गाव सिंदेवाहीकडचं, तळ्याच्या पाळीला टेकलेलं. लग्नानंतर मुखरू पहिल्यांदा सासुरवाडीला गेला, तेव्हा पळसाच्या पानावर भात आला आणि भातावर वांगे-झिंगे आले. काटेरी देठाची वांगी आणि तळ्यातले, उन्हात वाळवलेले, बोटाच्या पेराएवढे झिंगे. मुखरू वरोऱ्याकडचा, कापसाच्या मुलखातला. त्याच्या घरी आठवड्यातून चार दिवस चून, म्हणजे पिठलं, आणि तीन दिवस वरण. असलं काही त्यानं जन्मात चाखलं नव्हतं. त्यानं दोनदा मागून घेतलं, पान पुसलं, आणि तिकडे चुलीमागं ओवी जुळली.

अर्ध्या तासात त्याच्या मानेला खाज सुटली. मग पाठीला. मग जिथं चारचौघांत हात नेता येत नाही तिथं. शेजारी नवी बायको उभी होती, त्यामुळं त्याला वाटलं, ही लाज असावी. लाज अशी लाल चट्ट्यांनी अंगावर उठते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण लग्नाबद्दलच्या बऱ्याच गोष्टी त्याला कोणी सांगितल्या नव्हत्या.

तिसऱ्या खेपेला त्याला उमगलं की ही लाज नव्हे, हे झिंगे. किंवा वांगे. किंवा दोघांचं संगनमत. पण तोवर उशीर झाला होता. सासूनं ओवी बहिणींना ऐकवली होती, बहिणींनी सुनांना, आणि बायकोनं, सुगंधानं, वरोऱ्याच्या अख्ख्या आळीत सांगून टाकलं होतं की आमच्या याईले वांगे-झिंगे म्हंजे जीव की प्राण. सातबारावरचं नाव एक वेळ बदलता येतं, जावयाची आवड बदलता येत नाही.

मग दर रविवारी दुपारी वांगे-झिंगे. मुखरू पान पुसायचा आणि हात धुतल्याबरोबर शेताकडे निघायचा. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुना निंब होता. त्या निंबाच्या खोडाला तो म्हशीसारखी पाठ घासायचा. वर खाली, डावीकडून उजवीकडे, डोळे मिटून. काही वर्षांत खोडाची ती बाजू गुळगुळीत झाली. गावात मात्र मुखरूचं नाव झालं. रविवारी जेवण झालं की गडी आडवा होत नाही, सरळ वावरात जातो, असं म्हातारे आपल्या पोरांना सांगत. भर मे महिन्यात, चंद्रपूरचं ऊन डोक्यावर असताना, तो लांब बाह्यांचा सदरा घालायचा. ते लोकांनी साधेपणात धरलं.

सांगायचं त्यानं अनेकदा ठरवलं. पण सुगंधा दुसरी कोणतीही भाजी करताना घरातल्या सगळ्यांवर खेकसायची, आणि वांगं हातात आलं की मायची आठवण काढत हळूहळू बोलायची. तळ्याचं, पाळीचं, झिंगे वाळत घालून कावळे हाकलायचं. सहा वर्षांपूर्वी तिची माय गेली. तेरा दिवस सुगंधानं चुलीकडं नीट पाहिलं नाही. चौदाव्या दिवशी उठली, वांगे चिरले, झिंगे भाजले, आणि ताट मुखरूसमोर ठेवून म्हणाली, आता मायचं एवढंच राह्यलं जी. त्या ताटासमोर बसून कोणता माणूस म्हणेल की बाई, मला खाज येते?

तोवर निंबाची गरजही संपली होती. वरोऱ्याच्या बाजारात आळीतल्याच एका पोरानं, विक्कीनं, औषधाचं दुकान टाकलं, त्याला अकरा वर्षं झाली. दुकानाच्या फळीला मुखरू पाठ घासताना त्याला दिसला, आणि विक्कीनं हसतहसत एक बारकी पांढरी गोळी दिली. जेवणाच्या आधी घ्या काका, मंग बिनधास्त जेवा. मुखरूनं घेतली. तो रविवार त्याच्या आयुष्यातला पहिला असा रविवार होता की वांगे-झिंगे खाऊन तो वावरात न जाता आडवा झाला.

घोटाळा एवढाच झाला की गोळ्यांचं पाकीट सुगंधाला सापडलं. कशाची गोळी म्हणून विचारलं. मुखरूच्या तोंडून निघून गेलं, बीपीची.

त्या दिवसापासून घरात मीठ बंद झालं. वरण अळणी, भाजी अळणी, भाकरीच्या पिठात चिमूटभर पडायचं तेही गेलं. सुगंधानं मंगळवार धरले. अकरा वर्षं मुखरू अळणी जेवला. अपवाद फक्त रविवारच्या वांगे-झिंग्यांचा. मायच्या भाजीचा अपमान करायचा नाही म्हणून तिच्यात मात्र मीठ पडायचं. म्हणजे आठवड्यात ज्या एका पदार्थानं गोळीशिवाय त्याचं अंग पेटायचं, त्याच एका पदार्थाला चव होती. मुखरू शनिवारपासून त्याची वाट पाहायला लागला.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग लेकीच्या, दिव्यानीच्या, साखरपुड्याचं, म्हणजे साक्षगंधाचं, राजुऱ्याला ठरलं.

सोयऱ्यांकडं जायचं म्हणून सुगंधानं पातेल्याएवढा गंज भरून वांगे-झिंगे करून नेले. मुखरूनं नवा सदरा घातला, आणि गोळी राहिली जुन्या सदऱ्याच्या खिशात. पंगतीत हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा व्याही स्वतः हातानं वाढत होते आणि सुगंधा कौतुकानं सांगत होती की याईले दोनदा वाढा, एकदात यायचं भागत नाई.

पंधरा मिनिटांत मुखरूचे कान वांग्यासारखे झाले. चेहरा, मान, हात, सगळीकडं चट्टे. पित्त उठलं, पित्त उठलं, म्हणून धावपळ झाली. कोणी रंग दिलेल्या भिंतीला दोष दिला, कोणी अत्तराला, कोणी सोफ्यातल्या ढेकणांना. सोफा व्याह्यांचा होता, त्यामुळं ती चर्चा लवकर थांबली. विहीणबाईंनी गेरू कालवून आणला आणि मुखरूला कमरेपर्यंत उघडा करून रंगवला. फोटोत नवरी गुलाबी आहे, नवरदेव बदामी आहे, आणि मागं नवरीचा बाप पोळ्याच्या बैलासारखा गेरूचा आहे.

निघताना व्याह्यांनी सुगंधाला हळूच विचारलं, हे असं घराण्यात आहे का? मग सुगंधा ऐकते कुठं! वरोऱ्याच्या दवाखान्यात पुढच्या आठवड्यात कातडीच्या आजारांचं शिबिर होतं, नागपूरहून डॉक्टरीण येणार होत्या. कशानं होते ते कागदावर लिहून आणायचं, असं तिनं जाहीर केलं. आणि तेव्हापासून बीपीच्या गोळ्यांचं पाकीट तिनं आपल्या बटव्यात ठेवलं, पुन्हा विसरायला नको.

मुखरूला दोन रात्री झोप लागली नाही. कागदावर वांगे-झिंगे असं आलं तर? सुगंधाच्या मायचा हात, सरकारी शिक्क्यानिशी, विषारी ठरणार. विचार करकरून त्यानं एक नामी युक्ती काढली. गोळी खाल्ली की पित्त उठत नाही. मग गोळी खाऊनच तपासणीला जायचं. काही उठणार नाही, काही सापडणार नाही, डॉक्टरीण म्हणेल माणूस ठणठणीत. शिबिराच्या सकाळी त्यानं बटव्यातून एक नाही, दोन गोळ्या मागून घेतल्या. छातीत धडधडते म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

डॉक्टर नीलिमा तरुण होत्या आणि बोलायला मोकळ्या. त्यांनी मुखरूच्या हातावर पेनानं खुणा केल्या, प्रत्येक खुणेपाशी एकेक थेंब ठेवला, धूळ, परागकण, काही खाण्याच्या वस्तू, आणि त्या थेंबातून बारीक सुई टोचायला घेतली. सुई पाहून मुखरूनं हात मागं ओढला. तेव्हा सुगंधानं बांगड्या वर सारल्या आणि आपला हात पुढं केला, आधी मले टोचा, मंग यायची भीती जाईल. डॉक्टरांनी हसून तिच्या हातावर दोनच थेंब ठेवले. एक खारं पाणी आणि एक हिस्टामिन, हे दोन मुखरूच्या हातावरही होतेच; मग त्यानंही टोचून घेतलं.

पंधरा मिनिटं बाकावर बसायचं होतं. दहाव्या मिनिटाला सुगंधाच्या हातावर एका थेंबाखाली तुरीच्या दाण्याएवढी गाठ आली, भोवती लाली. ती घाबरली. म्हणजे रोग मलाच आहे की काय! डॉक्टरांनी तिला समजावलं की हा रोग नव्हे. हिस्टामिन आपल्या सगळ्यांच्या अंगात असतं, कातडीखाली बारक्या थैल्यांत भरून ठेवलेलं. वावरातल्या राखणदारानं चोर पाहून आरोळी ठोकावी तसं ते सुटतं, आणि मग अंग लाल होतं, फुगतं, खाजतं. कधी चोर नसतानाही आरोळी होते, ती अ‍ॅलर्जी. हा थेंब म्हणजे नुसती आरोळी. ती ज्याला त्याला उठतेच, आणि उठली की समजायचं तपासणी बरोबर चालली आहे.

“आता काकांचा हात पाहू,” त्या म्हणाल्या.

काकांचा हात सारवलेल्या अंगणासारखा सपाट होता. धूळ नाही, पराग नाही, काही नाही. मुखरूचा चेहरा खुलला. डॉक्टरांचा मात्र पडला. त्यांनी चष्मा लावून हिस्टामिनच्या थेंबाची जागा पाहिली, बोट फिरवलं, पुन्हा पाहिली.

“काका, हा थेंब दगडालाही उठावा. तुम्ही अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन आलात का?”

मुखरू ठामपणे नाही म्हणाला. मग कोणतीच गोळी घेत नाही का, असं त्यांनी विचारलं, आणि त्याच्या आधी सुगंधानं अभिमानानं बटवा उघडला. बीपीची घेतात जी, अकरा वर्षांपासून, एक दिवस चुकू देत नाई मी.

डॉक्टरांनी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, आणि ही पित्ताची, खाजेची गोळी आहे असं सांगितलं. मग मुखरूचा बीपी मोजला. तो एखाद्या कॉलेजातल्या पोराचा असावा तसा निघाला. मागं रांगेत वीस माणसं खाजवायची थांबली.

“मंग मीठ?” सुगंधा एवढंच म्हणाली.

मुखरूनं खाली मान घालून जमेल तेवढं सांगितलं. कधी कधी अंगावर पित्त उठते, तिला टेन्शन नको म्हणून बीपी म्हटलं. कशानं उठते ते त्यानं सांगितलं नाही. डॉक्टरांनी मात्र पुढं सांगायला घेतलं की हे हिस्टामिन काही खाण्यातही असतं. साठवलेली मासळी, वाळवलेली मासळी, जुनी लोणची. उकळलं, तळलं तरी ते मरत नाही. कोणाच्या बांधाची मोरी मोठी असते, आलेलं पाणी निघून जातं. कोणाची लहान, तिथं तुंबतं, अंगाचंही तसंच. आणि भाज्यांत म्हणाल तर…

इथं मुखरूला असा ठसका लागला की नर्सनं पाण्याचा तांब्या आणला. डॉक्टरांनी छापील यादी त्याच्या हातात दिली, गोळी सात दिवस बंद करून पुन्हा यायला सांगितलं, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. यादीत तिसऱ्या ओळीत वांगी होती. सुगंधाचा चष्मा घरी होता. मुखरूनं कागदाची चार घड्या घालून तो खिशात खोल सरकवला.

बाहेर उन्हात सुगंधा त्याच्याकडं न पाहता झपझप पुढं निघाली. मुखरूला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, माही काळजी म्हणून अकरा वर्षं अळणी खाल्लं, असा माणूस कोणाले भेटते? आणि दोषही तिला सापडला होता. वाळवलेली मासळी म्हणजे बाजारातली, कुठून येते, कधीची असते देव जाणे. जुनी लोणची म्हणजे हॉटेलातली. स्टँडवर बसून भजे हाणता ना, त्याचंच हे. आता सात दिवस बाहेरचा घास बंद. आणि गोळी बी बंद, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तशी.

“सात दिवस फकस्त वांगे-झिंगे,” ती म्हणाली. “भावजयनं घरचे वाळवलेले झिंगे धाडले हायेत. मायच्या हातच्या रीतीनं कराचे, दोन टाईम. त्यानं कोनाले काही झालं नाई आजवर.”

दवाखान्याच्या फाटकापाशी भाजीची गाडी होती. सुगंधा वाकून वांगी निवडायला लागली. काटेरी देठाची, लहान, चकचकीत. गाडीवाल्यानं दोन किलोचं माप ठेवलं. ती म्हणाली, तीन किलो कर बाप्पा, सात दिवसांचं हाय. बऱ्याच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती.

मुखरूनं मनातल्या मनात मोजलं. चौदा जेवणं. निंब आता वठून पडला होता. तो काहीतरी पुटपुटला, पण तेवढ्यात वणीची बस भोंगा वाजवत गेली.

“काका काही म्हणून राह्यले,” गाडीवाला म्हणाला.

सुगंधा हातात वांगं धरून वळली. “काय जी?”

मुखरूनं तिच्या हातातलं वांगं काढून गाडीवर ठेवलं.

“मले वांगे-झिंगे चालत नाई, सुगंधा. तुह्या मायनं पहिल्यांदा वाढलं, तवापासून चालत नाई. जिभेले लय आवडते, खोटं नाई सांगत. पण अंगाले चालत नाई.”