बंद गावातली कणगी

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. बांबूच्या पट्ट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, पुरुषभर उंच आणि दोघांच्या कवेत मावणार नाही एवढी जाड. जाड म्हटलेलं मला चालतं. ज्या घरातली भाताची कणगी बारीक, त्या घराची कीव करावी. माझं घर पाताळगंगेच्या काठी, चौक या बाजारगावापासून दोन कोसांवरच्या एका गावात, अगदी शेवटचं. घराच्या मागच्या भिंतीला लागून वेस, वेशीवर एक आंबा आणि आंब्यापलीकडे मोकळा माळ. पुढे जे काही मी ऐकलं, ते या मागच्या भिंतीतूनच ऐकलं.

मला विणलं नामा ठाकराने. डोंगरातून बांबू घेऊन तो उतरला, माजघरात फतकल मारून बसला आणि चार दिवस माझ्याभोवती फिरत राहिला. मी वाढता वाढता दारापेक्षा रुंद झाले. घरधनी आबाजी तेव्हा तरुण होता. त्याने विचारलं, "अरं नामा, ही भायेर कशी काढायची?"

"काढायची कशाला? हितंच जन्मली, हितंच ऱ्हाईल," नामा म्हणाला.

सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसले. आपल्या घरातून बाहेर जायची वेळ कुणाला कशाला येईल, असं मला तेव्हा वाटत होतं.

त्याच वर्षी आबाजीचं लग्न झालं आणि येसूबाई घरात आली. पहिल्याच दिवशी सासूने तिच्या हातात शेणाचा गोळा दिला आणि मला लिंपायला लावलं. नवखी पोर ती. पण काय सुरेख लिंपलं! पुढची तीस वर्षं मला लिंपायला दुसरा हात लागला नाही. माझ्यात रोजचं खायचं भात नसायचं, बियाण्याचं असायचं. मळणी झाली की येसूबाई टपोरे दाणे निवडून वाळवायची, कडुलिंबाचा पाला घालून माझ्यात भरायची आणि माझं तोंड शेणाने बंद करून त्यावर आपली पाचही बोटं उमटवायची. ज्या हाताने बंद केलं त्याच हाताने, पेरणीच्या दिवशी, हळदकुंकू लावून उघडायचं. त्याआधी उघडलं तर बी रुसतं, असं आमच्याकडे मानतात. आबाजी चौकाच्या बाजारात माझ्या बियाण्याची एवढी तारीफ करायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, दाणे यानेच पोटात वाढवलेत.

मग आलं अठराशे अठ्ठ्याण्णव साल. मुंबईत प्लेगाने माणसं पटापट मरत होती आणि जी उरली ती बोचकी घेऊन पळत होती. कर्जतच्या स्टेशनात उतारूंना उभं करून काखेत गाठ आहे का ते बघत. तरी चौकाच्या रस्त्याने गाड्या येतच राहिल्या. होळी झाली आणि एका सकाळी, मी उभी आहे त्या लाकडी फळीखाली, एक उंदीर तडफडून मेला.

येसूबाईने तो पाहिला. मित्रांनो, मी तिच्यावर जीव टाकते, म्हणून खरं तेच सांगते. तिने तो शेपटीने उचलला, सुपाखाली झाकून नेला आणि उकिरड्यात पुरला. कुणाला काही बोलली नाही. ती वाईट बाई नव्हती. तिला ठाऊक होतं, उंदीर पडल्याचं कळलं की सरकारी माणसं येणार, घर रिकामं करणार, मला फोडून भात उन्हात ओतणार. बी रुसेल, या भीतीने ती गप्प बसली. आमच्या घरात बियाण्याला देवासारखं जपत आणि त्या जपण्यानेच घात केला.

आबाजीचा धाकटा भाऊ गजा दुपारचा माझ्या अंगाला पाठ टेकून पडायचा, बोटांनी माझ्यावर ठेका धरायचा. सहाव्या दिवशी तो तापाने फणफणला. जांघेत लिंबाएवढी गाठ आली. तिसऱ्या दिवशी गेला. त्याची पाठ टेकायची ती जागा पुढे कित्येक दिवस मला गरम वाटत असे.

दोन दिवसांत सगळं गाव माळावरच्या झोपड्यांत गेलं. घराघराची कौलं उतरवली, ऊन आत पडावं म्हणून. भिंतींना चुना फासला. खालापूरहून घोड्यावर येणाऱ्या डाक्टराने निक्षून सांगितलं की धान्य, गोधड्या, काहीही बाहेर न्यायचं नाही, शेवटचा माणूस गेल्यापासून चाळीस दिवस गाव बंद. आबाजीने बियाण्यासाठी हात जोडले. डाक्टर म्हणाला, धान्य जिथे जातं तिथे उंदीर जातो.  जाताना येसूबाईने माझ्या तोंडावरच्या बोटांच्या ठशांवर हात ठेवला आणि दाराला बाहेरून कडी लागली.

एकटेपण काय असतं ते मला तेव्हा कळलं. वर आभाळ उघडं, पण मला त्याचा काय उपयोग? चैत्राचं ऊन थेट अंगावर पडायचं, लिंपण तडकायचं, पोपडे गळायचे. पोटात वर्षभराची आशा भरलेली आणि ती कुणाला देता येत नाही. कधी फळीखाली खुडबुड व्हायची. जिवंत उंदीर फिरताहेत एवढ्यावरच मी समाधान मानायची.

उन्हं कलली की वेशीवरच्या आंब्याखाली माणसं जमायची आणि वाद घालायची. माळावरही दोघं दगावली. त्यात गावातल्याच मालोजीची बायको भागू होती. वैशाखाच्या सुरुवातीला ती गेली आणि चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

"चाळीस म्हंजे मिरग येतो," आबाजी ओरडायचा. "रोपासाठी राब भाजून तयार हाय. बी घरात कोंडलेलं. पेरायचं काय, राख? आनि पावसात ह्या झोपड्या टिकत्यात का? पोरं भिजून मेली तर त्याला कुठलं औषध हाय?"

"घाई केली तर पुन्यांदा मढी मोजशील," मालोजी म्हणायचा.

"सरकारला आपली घरं मोडायचीच हायेत," तिसरा कुणी म्हणायचा. "उंदराचं निमित हाय नुसतं."

"निमित? माजी बायकू निमितानं गेली?" मालोजी उठून उभा राहायचा. "आबाजी, मला एकच सांग. प्लेग गावात आला तवा आधी उंदीर पडला असनारच. कुनाच्या घरात पडला? कोन गप ऱ्हायलं? आठ दिस आधी भायेर पडलो असतो तर तुजा गजा जिता असता आनि माजी भागू बी."

 झोपड्यांच्या बाजूने बायकांच्या बांगड्यांचा आवाज यायचा. त्यात येसूबाईच्या बांगड्या मला ओळखू यायच्या. मला कळत होतं आणि तिला कळत होतं. ती बोलत नव्हती आणि मला बोलता येत नव्हतं.

असा वाद रोज. गावाचे दोन तट पडले. आबाजीचा तट म्हणायचा, दोन-चार दिवस इकडे-तिकडे, गाव उघडा. मालोजीचा तट म्हणायचा, एक दिवसही कमी नाही. शेवटी डाक्टराने तोडगा काढला. चाळिसाव्या दिवशी प्रत्येक घरातलं एक माणूस दिवसाउजेडी आत जाईल, कानाकोपरा बघेल आणि बाहेर येऊन सर्वांसमोर सांगेल. कुठेही उंदीर पडलेला नसेल तर त्याच दिवशी गाव उघडायचं. माणसं आनंदली. आकाशात ढग येऊ लागले होते, पेरणीला चार दिवस उरले होते.

त्या सकाळी दाराची कडी वाजली. येसूबाई आत आली. किती वाळली होती ती! माझ्यासमोर उभी राहिली, माझे पोपडे बघून तिचे डोळे भरले. "बाये, किती ऊन खाल्लंस," ती म्हणाली. मग खाली वाकली आणि तशीच थांबली.

माझ्या फळीखाली उंदीर मरून पडला होता. कालच मेलेला.

बाहेरून आवाज येत होते. "माज्या घरात काय नाय!" "माज्या बी नाय!" प्रत्येक आवाजामागे माणसं हसत होती. सगळी घरं झाली, आमचं एकच राहिलं.

येसूबाईने कोपऱ्यातला कौलाचा तुकडा उचलला. मी समजले. तोच उकिरडा, सुपाऐवजी कौल. आज ती गप्प राहिली तर गाव उघडेल, बी पेरलं जाईल, मी पुन्हा भरेन. मित्रांनो, लाज वाटते, पण क्षणभर मलाही वाटलं, टाक बाई, टाक तो बाहेर. मला या तुरुंगातून सुटायचं होतं.

तिचा हात उंदरापर्यंत गेला. मग तिने तो मागे घेतला आणि माझ्या अंगाला, गजाच्याच जागी, पाठ टेकून मटकन बसली. बराच वेळ रडली. मग मागच्या भिंतीकडे तोंड करून एवढ्या मोठ्याने ओरडली की माझ्या पट्ट्या थरथरल्या.

"आत येऊ नका कुनी! माज्या घरात उंदीर पडलाय!"

आंब्याखालून पावलं मागे सरकल्याचा आवाज आला.

"आनि ऐका. पयला बी माज्याच घरात पडला व्हता. शिमग्यानंतर. मी पुरला. मी गप ऱ्हायले, बी उघडायला लागंल म्हनून. गजा माज्यामुळं गेला. भागूबाई माज्यामुळं गेली."

"येसू, काय बोलतीस तू?" आबाजीचा आवाज फाटला.

कुणीतरी शिवी दिली. कुणीतरी दगड उचलल्याचा आवाज आला. मग मालोजीचा आवाज आला, इतका हळू की मला कान लावावा लागला.

"दगूड टाक रं खाली. वयनी, भायेर या. माज्यापासनं लांब बसा. पन भायेर या."

येसूबाई बाहेर गेली आणि स्वतःच म्हणाली, मला सर्वांपासून वेगळी झोपडी द्या. तिला माळाच्या पार टोकाला झोपडी दिली. गाव उघडलं नाही. चाळीस दिवस पुन्हा एकपासून सुरू झाले आणि आता पाऊस डोक्यावर होता. आबाजी मान खाली घालून बसला. तेव्हा मालोजीच डाक्टरासमोर उभा राहिला. गाव बंद राहू द्या, आम्ही झोपड्यांवर आणखी पेंढा चढवू, पण बी बाहेर येऊ द्या, नाहीतर प्लेगातून वाचलेलं गाव भुकेने जाईल, असं त्याने सांगितलं. डाक्टराने विचार केला आणि मानलं. आधी घरात औषधाचं पाणी मारायचं, मग भात काढून तीन दिवस तापलेल्या कातळावर पसरायचं आणि एक दाणाही झोपडीत न्यायचा नाही.

पण मला फोडणार कोण? ज्या हाताने बंद केलं तो हात तर माळाच्या टोकाला बसला होता. आबाजी कोयता घेऊन माझ्यासमोर आला आणि घाव कुठे घालावा ते बघत माझ्याभोवती फिरू लागला. तेवढ्यात लांबून हाक आली. येसूबाई झोपडीबाहेर उभी राहून ओरडत होती.

"अवो, वरनं फोडा! पोटाला कोयता लावू नका! आधी हळद लावा तिला!"

हळद कुठून आणणार? आबाजीने कपाळाचा घाम बोटाने पुसला, तेच बोट माझ्या तोंडाला लावलं आणि शेण फोडलं. येसूबाईच्या पाच बोटांचा ठसा तुकडे होऊन खाली पडला. टोपल्यांनी माझं पोट रिकामं झालं. जे दारातून जाऊ शकत होतं ते सगळं गेलं, मी राहिले.

बी रुसलं नाही, बरं का. कातळावर तीन दिवस तापून जे राबात पडलं ते असं तरारून उगवलं की आबाजीला तारीफ करायची गरजच उरली नाही. गाव श्रावणापर्यंत झोपड्यांतच राहिलं. वर कौलं नसलेल्या घरात मी अख्खा आषाढ भिजले. लिंपण धुऊन गेलं, बूड कुजलं, एका बाजूने मी फाटले. तिकडे माळावरही चिखल, डास, रडणारी पोरं. पण आणखी एकही माणूस गेलं नाही. येसूबाईही वाचली. श्रावणात दार उघडलं तेव्हा तिने फाटलेल्या जागी नव्या पट्ट्या ओवल्या आणि मला पुन्हा लिंपलं. 

मालोजी मात्र कित्येक महिने आमच्या ओटीवर चढला नाही. वाटेत दिसला तर मान वळवायचा. येसूबाई त्याला दोष द्यायची नाही. "त्याचं बराबर हाय," एवढंच म्हणायची.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे, माझ्यात आता कोंडा ठेवतात. तुमच्या घरातल्या माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, लिंपा, पावसात टाकू नका. पण आमच्यासाठी माणसाचा जीव पणाला लावू नका. घरात पहिली वाईट गोष्ट घडली की ती झाकू नका. आणि एक त्याहून अवघड मागणं आहे. जो येऊन सांगतो, त्याच्यावर दगड उचलू नका.

त्या प्लेगाच्या पुढच्याच वर्षी, माघात, भर दुपारी आमच्या ओटीवर पावलं वाजली. मालोजी होता. चार दिवसांवर त्याच्या मुलीचं, शकूचं लग्न आलं होतं. मांडव घातला होता, पाहुणे निघाले होते. तो धापा टाकत माजघराच्या दारात उभा राहिला. गावात अजून कुणाला काही ठाऊक नव्हतं.

"वयनी," तो म्हणाला, "माज्या घरात पडला."

येसूबाईने त्याला पाण्याचा तांब्या दिला. मग ती बाहेर गेली आणि दोघांनी मिळून गावाला हाका मारायला सुरुवात केली.